घड्याळ कधी थांबतं, कधी चालतं

४ सप्टेंबर २०२२. म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ऐन रंगात आला होता. पाठलाग ओडिशा जगरनट्सचा, आघाडी तेलुगू योद्धाजची. शेवटच्या दीड मिनिटात सूरज लांडेने आकाशीय सूर मारून गडी टिपला. या लीगमध्ये अशा सुराला तीन गुण होते. ओडिशाने सामना ४६-४५ असा जिंकला, अवघ्या एका गुणाने.

अशा शेवटाची खरी गोडी गुणफलकावरचे दोन आकडे पाहून कळत नाही. त्यांच्या शेजारचा तिसरा आकडा, म्हणजे उरलेला वेळ, तोही वाचता यावा लागतो. दोन गुणांची पिछाडी आणि उरलेली चार मिनिटं ही एक परिस्थिती. तीच पिछाडी आणि उरलेली चाळीस सेकंदं ही अगदी वेगळी परिस्थिती. आणि चाळीस सेकंदं म्हणजे नेमकी किती, हे प्रत्येक खेळात निराळं असतं. कुठे ती डोळ्यांदेखत संपतात, कुठे त्यात सामना फिरतो.

मुळशी तालुक्यातल्या खेळप्रेमींना हा प्रश्न आता तीन खेळांत पडतो. खो-खो आणि कबड्डी घरचेच. तिसरा खेळ हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधून आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडून घराघरांत पोचला आहे : अमेरिकन फुटबॉल. त्यांचा अंतिम सामना, सुपर बोल, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास एका गोष्टीवर अडतो. साठ मिनिटांचा खेळ तीन तासांहून जास्त कसा चालतो? ‘शेवटची दोन मिनिटं’ म्हणतात आणि त्यानंतर वीस मिनिटं सामना संपतच नाही, ते का?

उत्तर नियमांत आहे आणि ते अवघड नाही. कोणत्याही खेळाचं घड्याळ समजून घ्यायचं तर तीन प्रश्न विचारावेत. एक, घड्याळ कशाने थांबतं? दोन, थांबलेलं घड्याळ पुन्हा कधी सुरू होतं? तीन, वेळ संपला तेव्हा चालू असलेली चाल पूर्ण होऊ देतात की तिथेच तोडतात? या तिन्हींची उत्तरं माहीत झाली की वेळकाढूपणा कोण करतंय, घाई कोण करतंय आणि का, हे आपोआप दिसू लागतं.

खो-खो : जिथे सेकंद हीच कमाई

सुरुवात आपल्या मातीतल्या खेळापासून करावी, कारण वेळेला इतकं मोल देणारा खेळ शोधूनही सापडायचा नाही. खो-खोला लिखित नियमांची चौकट मिळाली ती पुण्यात. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने नियम ठरवण्यासाठी समिती नेमली होती. आज राष्ट्रीय पातळीवरच्या पारंपरिक सामन्यात नऊ मिनिटांचं एक आक्रमण असतं. दोन्ही संघ प्रत्येकी दोनदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण करतात.

इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : दुखापतीसारखं काही घडून पंचांनी खेळ थांबवल्याखेरीज घड्याळ थांबत नाही. गडी बाद झाला तरी वेळ चालूच. तीन गड्यांची तुकडी संपली की पुढच्या तुकडीने दोन खो होण्याच्या आत मैदानात यायचं असतं, म्हणजे तिथेही रेंगाळायला वाव नाही. वेळाधिकाऱ्याची शिट्टी वाजली की आक्रमण संपलं. सूर हवेत असला तरी.

म्हणून संरक्षकाची कामगिरी मिनिटांत मोजतात. वर्तमानपत्रातल्या बातमीत ‘२.४० मि. आणि १.५० मि. संरक्षण’ असं छापून येतं, त्याचा अर्थ त्या खेळाडूने दोन डावांत मिळून साडेचार मिनिटं प्रतिस्पर्ध्यांना झुलवलं. आक्रमणाच्या नऊ मिनिटांशी हा आकडा ताडून पाहावा. पहिल्या तुकडीतल्या एकाच गड्याने पावणेतीन मिनिटं खाल्ली, तर पुढच्या दोन तुकड्यांतल्या सहा जणांसाठी सव्वासहा मिनिटंच राहतात.

निकालही वेळेतच सांगतात. समजा, शेवटच्या आक्रमणात एका संघाला विजयासाठी अकरा गडी हवे आहेत आणि अकरावा गडी ६ मिनिटं २० सेकंदांनी बाद झाला. नऊ मिनिटांतून तेवढी वजा केली की राहिली २ मिनिटं ४० सेकंद. बातमी येते : ‘२.४० मिनिटे राखून विजय.’ बरोबरी झाली तर अलाहिदा डाव होतो. तोही बरोबरीत सुटला तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी टिपायला कोणी कमी वेळ घेतला ते पाहायचं. तिथे निकाल निव्वळ घड्याळच देतं.

खो-खोमध्ये आणखी एक मुभा आहे, जिच्याकडे नवख्या प्रेक्षकाचं लक्ष जात नाही. आक्रमक संघाचा कर्णधार नऊ मिनिटं पुरी होण्याआधीच आपलं आक्रमण संपवू शकतो. हातात आलेली मिनिटं स्वतःहून सोडायची, कारण पुढच्या डावात त्याचा फायदा दिसतो. वेळ संघाच्या मालकीचा असतो आणि तो कसा खर्चायचा हे कर्णधार ठरवतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

कबड्डी : एका घड्याळात दुसरं घड्याळ

बालेवाडीच्या त्याच क्रीडासंकुलात २९ डिसेंबर २०२४ रोजी प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. हरयाणा स्टीलर्सने पटना पायरेट्सवर ३२-२३ अशी मात केली. त्याच वर्षी १ मार्चला दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, हैदराबादला, अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरयाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं होतं. नऊ गुणांची आघाडी आणि तीन गुणांची आघाडी, दोन्ही शेवटच्या मिनिटांत राखायच्याच असतात. पण त्या राखण्याची रीत सारखी नसते.

कबड्डीत दोन घड्याळं एकाच वेळी चालतात. मोठं घड्याळ सामन्याचं : वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं. लहान घड्याळ चढाईचं : तीस सेकंद. चढाईपटूने तेवढ्या वेळात मध्यरेषेवर परतायचं. एक चढाई संपली की समोरच्या संघाने पाच सेकंदांच्या आत आपला गडी पाठवायचा. म्हणजे एका चढाईला जास्तीत जास्त पस्तीसेक सेकंद लागतात.

हा पस्तीसचा आकडा लक्षात ठेवला की शेवटची दोन मिनिटं हिशेबात मांडता येतात. आघाडीवरचा संघ निवांतपणे निदानरेषा ओलांडेल, तीस सेकंद पुरी करेल, रिकाम्या हाताने परतेल. पिछाडीवरचा संघ दहा सेकंदांत चढाई उरकून पुन्हा बचावाला उभा राहील. दोघांच्या दोन-दोन चढाया झाल्या की ३५, १०, ३५, १० मिळून दीड मिनिट गेलं. अर्धं मिनिट उरलं. आता आघाडीवरच्या संघाची तिसरी चढाई येते आणि इथे नियम आडवा येतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ‘डू ऑर डाय’ म्हणून जो गलका होतो तो याचाच. वेळकाढूपणाला कबड्डीने घातलेला हा लगाम आहे.

त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत गुणांसोबत एक छोटी मोजणी मनात चालू ठेवावी : कोणत्या संघाच्या किती चढाया रिकाम्या गेल्या? दोन मिनिटं उरली असताना आघाडीवरच्या संघाची मोजणी शून्यावर असेल तर तो बराच वेळ मारून नेईल. मोजणी दोनवर असेल तर पुढच्याच चढाईत त्याला जोखीम घ्यावी लागेल. गुणफलक दोन्ही वेळा सारखाच दिसतो, सामना मात्र सारखा नसतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कबड्डीत खो-खोच्या उलट आहे. सत्राचा वेळ संपला तरी चालू असलेली शेवटची चढाई पूर्ण होऊ देतात. म्हणून घड्याळ शून्यावर आलं तरी जागेवरून उठू नये. एका गुणाने मागे असलेल्या संघाचा गडी समोरच्या अंगणात असेल तर सामना अजून जिवंत आहे.

आणि टाइमआऊट? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक संघाला दर सत्रात तीस सेकंदांचे दोन टाइमआऊट मिळतात, त्या वेळी घड्याळ थांबतं. पण यातून वेळ फारसा वाचत नाही, कारण दोन चढायांमध्ये तसाही वेळ जात नाही. कबड्डीतला टाइमआऊट घ्यायचा तो दम खायला, डाव आखायला, समोरच्याची लय मोडायला. अमेरिकन फुटबॉलमध्ये याच टाइमआऊटची किंमत कितीतरी पटींनी वाढते.

अमेरिकन फुटबॉल : खेळ थांबतो, घड्याळ चालतं

हा खेळ पुण्याला अगदीच परका नाही. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पहिल्या हंगामात पुणे मराठाज नावाचा संघ उतरला होता. सामने कोलंबोत झाले आणि अंतिम सामन्यात पुण्याने दिल्ली डिफेंडर्सला ६-० असं हरवलं. लीग मात्र पुढे रुजली नाही.

खेळाचा गाभा असा. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकलं की पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही सरकलं तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. प्रत्येक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो. मग खेळाडू घोळका करतात, पुढची चाल ठरते, रांगा लागतात, चेंडू मागे दिला जातो आणि पुढचा प्रयत्न सुरू होतो.

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू मैदानातच पाडला गेला, तर खेळ थांबतो पण घड्याळ थांबत नाही. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पडत राहतो, तसंच हे. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये सामन्यांची छाननी केली तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ जेमतेम अकरा मिनिटं भरला. साठ मिनिटांतली बाकीची मिनिटं रांगा लावण्यात सरतात आणि उरलेले दोन तास घड्याळ बंद असताना जातात.

घड्याळ कशाने थांबतं, याची यादी पाठ करण्याजोगी आहे. फेकलेला पास कोणी झेलला नाही तर. चेंडू घेतलेला खेळाडू सीमारेषेबाहेर गेला तर. गुण झाल्यावर. चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे गेल्यावर. दंड झाल्यावर, दुखापत झाल्यावर, पंच चित्रीकरण तपासत असताना. टाइमआऊट घेतल्यावर; तो प्रत्येक संघाला दर अर्ध्यात तीन मिळतो. आणि दोन्ही अर्ध्यांत दोन मिनिटं उरली की आपोआप, यालाच ‘टू-मिनिट वॉर्निंग’ म्हणतात.

पुन्हा सुरू कधी होतं, यात मेख आहे. पास खाली पडल्यावर थांबलेलं घड्याळ पुढचा प्रयत्न सुरू होईपर्यंत बंद राहतं. सीमारेषेबाहेर गेल्यावर थांबलेलं घड्याळ मात्र एरवी पंचांच्या खुणेबरोबर लगेच चालू होतं. पहिल्या अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं आणि दुसऱ्या अर्ध्याची शेवटची पाच मिनिटं एवढ्याच काळात ते पुढच्या प्रयत्नापर्यंत थांबून राहतं. म्हणून सामन्याच्या शेवटी मागे पडलेला संघ सारखा कडेकडेने खेळताना दिसतो. धावपटू चार पावलं जास्त पळण्याऐवजी रेषेबाहेर उडी मारतो, ते भीतीने नव्हे. बचाव करणारे त्याला आतच पाडायला धडपडतात. त्याला आधीच रोखून मागे रेटलं असेल, तर तो रेषेबाहेर गेला तरी घड्याळ चालूच राहतं.

हे ओळखायला पंचांचे हात पाहावेत. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे हलवले तर घड्याळ थांबलं. एक हात चरखा फिरवल्यासारखा गोल फिरवला तर चालू. समालोचन कळलं नाही तरी या दोन खुणा पुरतात.

चाळीस सेकंदांचा व्यवहार

कबड्डीतल्या तीस सेकंदांसारखं इथेही एक लहान घड्याळ आहे. एक प्रयत्न संपला की चाळीस सेकंदांच्या आत पुढचा सुरू करावा लागतो. दंड किंवा टाइमआऊटसारख्या खंडानंतर ही मुदत पंचवीस सेकंदांची असते. मुदत चुकली तर पाच यार्डांचा दंड.

आता आघाडीवरच्या संघाकडे चेंडू आहे, चार प्रयत्नांपैकी पहिला आहे, घड्याळात १ मिनिट ५० सेकंद आहेत आणि प्रतिस्पर्ध्याकडे एकही टाइमआऊट नाही असं धरू. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची चाल चालवणारा खेळाडू, चेंडू घेतो आणि तिथेच गुडघा टेकतो. गेले दोन सेकंद, उरले १.४८. मग लहान घड्याळात एक सेकंद उरेपर्यंत सगळे उभे. मोठं घड्याळ आलं १.०९ वर. पुन्हा गुडघा, १.०७. पुन्हा थांबणं, ०.२८. तिसरा गुडघा, ०.२६. पुढच्या प्रयत्नाला चाळीस सेकंदांची सवड आहे आणि सामन्यात उरली सव्वीस. खेळ खलास. दोन्ही संघ हात मिळवायला लागतात, घड्याळ आपलं चालतंच असतं.

यात एकच बदल करून पाहावा. प्रतिस्पर्ध्याकडे एक टाइमआऊट शिल्लक आहे. पहिल्या गुडघ्यानंतर तो घेतला की घड्याळ १.४८ वर गोठतं. दुसरा गुडघा १.४६, मग थांबून १.०७, तिसरा १.०५, मग थांबून ०.२६. आता चौथा प्रयत्न करावाच लागतो, बहुधा चेंडू लाथेने लांब उडवून द्यावा लागतो. मागे असलेल्या संघाला वीसेक सेकंद का होईना, चेंडू मिळाला. एक टाइमआऊट जवळजवळ चाळीस सेकंदांचा असतो तो असा. म्हणूनच तो सामन्याच्या आधीच्या भागात क्षुल्लक कारणाने खर्चणाऱ्या प्रशिक्षकावर टीका होते.

गुडघा टेकण्याची ही पद्धत एका अपघातातून रूढ झाली. १९ नोव्हेंबर १९७८. न्यूयॉर्क जायंट्स १७-१२ ने पुढे, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ, समोरच्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे टाइमआऊट नाही. नुसता गुडघा टेकला असता तरी सामना खिशात. पण क्वार्टरबॅक ज्यो पिसार्चिकला चेंडू धावपटूच्या हाती देण्याची चाल सांगितली गेली. देताना चेंडू निसटला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलला आणि २६ यार्ड पळत जाऊन गुण नोंदवला. ईगल्स १९-१७ ने जिंकले. त्यानंतर आघाडी राखायला गुडघा टेकणं हा शहाणपणा मानला जाऊ लागला आणि त्यासाठी संघांनी खास रचनाही बसवली.

गुण सोडून देण्यातली हुशारी

१२ फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल ज्यांनी पाहिला त्यांना एक दृश्य आठवत असेल. कॅन्सस सिटी चीफ्स आणि ईगल्स ३५-३५ असे बरोबरीत. दोन मिनिटांहून कमी वेळ. चीफ्सचा जेरिक मॅकिनन चेंडू घेऊन सुटला, समोर गोलरेषा मोकळी होती आणि दोन यार्ड अलीकडे तो चक्क घसरत खाली बसला. चेंडू रेषेपार नेला की मिळणारे सहा गुण हातातोंडाशी आलेले असताना.

त्याने गुण घेतले असते तर चेंडू ईगल्सकडे गेला असता, हाताशी दीड मिनिटाहून जास्त वेळ. तो मैदानातच बसल्याने चेंडू चीफ्सकडेच राहिला. त्यांनी वेळ संपवत आणला आणि आठ सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरने लाथेने चेंडू खांबांमधून धाडला. तीन गुण, ३८-३५. ईगल्सकडे उरला तो एक लांबवर फेकलेला हताश पास, तो कोणाच्या हाती लागला नाही.

उलट बाजूचा धडा ५ फेब्रुवारी २०१७ चा. अटलांटा फाल्कन्स एके काळी न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या २८-३ ने पुढे होते. शेवटची पाच मिनिटं सुरू झाली तेव्हाही आघाडी २८-२० अशी होती आणि चेंडू फाल्कन्सकडेच, पेट्रियट्सच्या २२ यार्ड रेषेपाशी. तिथून सरळ धावण्याचे प्रयत्न केले असते तर घड्याळ पळालं असतं आणि लाथेने तीन गुणही मिळण्याजोगे होते. त्यांनी पासचा मार्ग धरला. क्वार्टरबॅक बारा यार्ड मागे पाडला गेला, पुढे दंड झाला, मग एक पास खाली पडला आणि घड्याळ थांबलं. लाथेने तीन गुण मिळवण्याजोगं अंतर हातचं गेलं. साडेतीन मिनिटं उरली असताना चेंडू पेट्रियट्सकडे आला, सत्तावन्न सेकंद असताना बरोबरी झाली आणि सुपर बोलच्या इतिहासात पहिल्यांदाच झालेल्या जादा वेळात पेट्रियट्सनी ३४-२८ ने सामना मारला.

आणि तेरा सेकंदांची गोष्ट. २३ जानेवारी २०२२ ला बफेलो बिल्स ३६-३३ ने पुढे गेले तेव्हा चीफ्सकडे तेवढीच सेकंदं होती. गुणांनंतर खेळ पुन्हा सुरू करणारी लाथ बिल्सनी एवढी लांब मारली की चेंडू थेट शेवटच्या पट्ट्यात गेला. नियम असा की या लाथेनंतर मैदानात चेंडूला हात लागल्यावरच घड्याळ सुरू होतं. हात लागलाच नाही, तेरातलं एकही सेकंद गेलं नाही. मग १९ यार्डांचा पास, टाइमआऊट, आठ सेकंद. २५ यार्डांचा पास, टाइमआऊट, तीन सेकंद. ४९ यार्डांवरून लाथ, बरोबरी. जादा वेळात चीफ्स ४२-३६ ने जिंकले. बिल्सच्या आक्रमकांना त्या जादा वेळात चेंडू मिळालाच नाही. पुढच्या हंगामापासून बाद फेरीत दोन्ही संघांना संधी देण्याचा नियम आला आणि २०२५ पासून तो साखळी सामन्यांनाही लागू झाला.

शेवटची दोन मिनिटं पाहताना

टू-मिनिट वॉर्निंग झाली की पाहणाऱ्याने चार गोष्टी टिपाव्यात : चेंडू कोणाकडे, कितवा प्रयत्न, प्रत्येकाकडे टाइमआऊट किती आणि फरक किती गुणांचा. आठ गुणांपर्यंतचा फरक एका चालीत भरून निघू शकतो, सहा गुण आणि वर दोनचा जादा प्रयत्न मिळून. नऊ झाला की दोनदा गुण मिळवावे लागतात आणि घड्याळाचा अर्थ बदलतो.

टाइमआऊट संपलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटतो, त्याला स्पाइक म्हणतात. घड्याळ थांबतं, पण चारपैकी एक प्रयत्न खर्ची पडतो. त्यासाठी निदान तीन सेकंद शिल्लक असावी लागतात. शेवटच्या दोन मिनिटांत आक्रमक संघाने घड्याळ थांबेल अशी चूक केली तर दंडाशिवाय दहा सेकंदही कापली जातात. टाइमआऊट शिल्लक असेल तर तो देऊन ती वाचवता येतात. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कबड्डीसारखंच आहे : घड्याळ शून्यावर आलं तरी सुरू झालेला प्रयत्न पूर्ण होतो. त्या प्रयत्नात बचाव करणाऱ्या संघाने नियम मोडला तर आक्रमकांना आणखी एक प्रयत्न मिळतो, घड्याळाविना.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींकडून विद्यापीठांचे सामने पाहण्याची गोडी लागते, तिथे एक फरक ध्यानात असावा. २०२२ पर्यंत तिथे दहा यार्ड पूर्ण झाले की दर वेळी घड्याळ थांबत असे. २०२३ पासून मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांत ही सवलत प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरती राहिली. एनएफएलमध्ये ती कधीच मिळत नाही.

गावच्या स्पर्धेत घड्याळ सांभाळताना

हे सगळं दूरचित्रवाणीपुरतं ठेवण्याचं कारण नाही. यात्रेच्या, मंडळाच्या आणि शाळेच्या स्पर्धांत गुणांइतकेच वाद वेळेवरून होतात आणि त्यातले बरेच आधी थोडी तयारी केली तर टळतात.

पहिली गोष्ट, अधिकृत घड्याळ कोणतं ते नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना सांगावं. एनएफएलमध्येही १९७० पर्यंत मैदानावरच्या पंचाच्या हातातलं घड्याळ अधिकृत असे आणि फलकावरचं केवळ अंदाजाचं. दोन घड्याळं असली की भांडण ठरलेलं. दुसरी गोष्ट, कबड्डीला दोन स्टॉपवॉच आणि दोन माणसं हवीत, एक सामन्याला आणि एक चढाईला. मोबाइलवर दोन्ही मोजू नयेत. फोन आला की वेळ गेला. तिसरी गोष्ट, घड्याळ थांबवलं की ‘वेळ थांबली, सात मिनिटं बारा सेकंद बाकी’ असं मोठ्याने सांगावं आणि गुणपत्रिकेच्या कडेला लिहावं. तक्रार आली तर ती नोंद दाखवता येते. शेवटच्या पाच मिनिटांत दर मिनिटाला पुकारा करावा. तिसरी चढाई असेल तर तेही चढाईपटू निघण्याआधी जाहीर करावं, निघाल्यावर नव्हे.

शाळांना नवा खेळ आजमावायचा असेल तर फ्लॅग फुटबॉल सोयीचा आहे. यात कोणी कोणाला पाडत नाही, कमरेची फीत ओढली की खेळाडू थांबला. एका बाजूला पाच जण पुरतात आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत वीस मिनिटांचे दोन भाग असतात. घड्याळ सलग चालतं आणि प्रत्येक भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांतच चालीगणिक थांबू लागतं. कबड्डीची वीस-वीस मिनिटं मोजायची सवय असलेल्या क्रीडाशिक्षकाला यात वेगळं काही लागत नाही. पहिल्या सरावात गुण मोजूच नयेत. मुलांना शेवटच्या दोन मिनिटांचा डाव तीन-चारदा खेळायला लावावा, एकदा आघाडीवरून आणि एकदा पिछाडीवरून, आणि दर वेळी घड्याळ कशाने थांबलं ते त्यांनाच विचारावं.